कादंबरीतली नायिका भूतकाळातून सुटतच नाहीये, तिला बापाला माफ करायला लावू का?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, कादंबरी लिहितेय आणि शेवटाकडे येऊन अडकलेय. नायिका रेवा, वय ३४. लहानपणी बाप मारायचा, दारूबिरू काही नाही, अगदी शांतपणे. आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा आणि मग सुरू. आई शेजारच्या खोलीत रेडिओचा आवाज मोठा करायची. आता बापाला अर्धांगवायू झालाय, अंथरुणाला खिळलाय. रेवाचं तसं बरं चाललंय, नोकरी आहे, नवरा समजूतदार आहे, पण त्याने हात धुवायला सहज घड्याळ काढून ठेवलं तरी हिचं अंग गार पडतं. मी ठरवलेलं की शेवटी ती बापाच्या उशाशी बसते, तो रडतो, ती माफ करते आणि मोकळी होते. पण लिहायला घेतलं की प्रत्येक वाक्य खोटं वाटतं. ज्या मैत्रिणीला वाचायला दिलं ती म्हणते, एवढी वर्षं झाली, आता ही सोडून का देत नाही, वाचक वैतागतील. काय करू?

अर्धविराम:
ताई, मैत्रिणीने जे विचारलं ना, नेमकं तेच अशा माणसांना आयुष्यभर ऐकवलं जातं, की झालं गेलं विसर, किती दिवस उगाळत बसणार. त्यामुळे तो प्रश्न कादंबरीतच कुणाच्या तरी तोंडी घाला, नणंद म्हणा, ऑफिसमधली मैत्रीण म्हणा, आणि रेवाला त्यावर धड उत्तर देता येऊ नये.
उशाशी बसायचा सीन मात्र काढाच. बाप रडला की सीन त्याचा होतो, वाचकाला त्याचीच दया येते आणि जिने मार खाल्ला तिच्यावर मन मोठं करायची जबाबदारी येऊन पडते. हे मला वाचक म्हणून फार खटकतं.

मनोमन:
मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. रेवा सोडत नाही असं नाहीये, तिच्या शरीराला ते संपलंय हे अजून कळलेलंच नाही. मेंदूत अमिग्डाला नावाचा भाग धोक्याची घंटा वाजवतो आणि तो तारीख वार बघत नाही, खूण जुळली की झालं, घड्याळ टेबलावर टेकल्याचा आवाज पुरतो. विचार करणारा मेंदू ‘अगं हा नवरा आहे’ म्हणेपर्यंत छातीत धडधड सुरू झालेली असते. म्हणून नुसतं समजावून सांगितलं की माणूस बरा होतो असं होत नाही.
पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार, हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली आलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. पण घरातच, ज्यांच्यावर आपण अवलंबून आहोत त्यांच्याकडूनच वर्षानुवर्षं मार खाल्लेलं मूल त्या चौकटीत नीट बसत नव्हतं. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये त्यासाठी कॉम्प्लेक्स पीटीएसडी ही कल्पना मांडली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, ते वेगळं निदान म्हणून आहे. त्यात भीती असतेच, शिवाय भावना आवरता न येणं, आपण कवडीमोलाचे आहोत असं खोलवर वाटणं आणि जवळच्या नात्यात टिकता न येणं. तुमची रेवा घाबरलेली दिसते, पण तिची लाज कुठे दिसत नाही. मुलाला वाटतं मीच वाईट म्हणून मार पडतो, कारण बाप वाईट आहे हे मानलं तर त्या घरात झोपायचं कसं? ते लिहा.
हर्मन यांनी बरं होण्याचा क्रमही सांगितलाय, आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा जगाशी जोडलं जाणं. यात माफी ही काही पायरी नाही. शोक मात्र आहे, जे बालपण मिळालंच नाही त्याचा. आणि प्लीज, थेरपिस्टच्या एका भेटीत तिला ढसाढसा रडवून मोकळी करू नका, प्रत्यक्षात बरं वाटायला लागतं, मग काहीतरी घडून पुन्हा मागे जायला होतं, असं चालतं.

पाऊलवाट:
माझं मत जरा वेगळं आहे. काही जण मनापासून माफ करतात आणि त्यांना खरंच हलकं वाटतं, त्यामुळे माफी म्हणजे खोटंच असं नको ठरवायला. फक्त ती तिच्या आतून यावी, तो आजारी आहे म्हणून किंवा तुमचं पुस्तक संपत आलंय म्हणून नाही.
पण मला खरा प्रश्न आईचा वाटतो. रेडिओचा आवाज मोठा करणारी आई! मारणाऱ्यावर राग धरणं एक वेळ सोपं असतं, पण जी भिंतीपलीकडे होती आणि आली नाही, तिच्यावर रागावताच येत नाही, कारण ती बिचारी तीही भ्यायलेली होती. रेवा तिथेच अडकलीये असं मला वाटतं.

निळीशाई:
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. उशाशीचं प्रकरण काढतेय. आईकडे मी बघितलंच नव्हतं, ती कादंबरीत हयात आहे आणि रेवा तिला रोज फोन करते, तब्येत विचारते. मग आता आईने माफी मागावी का?

पाऊलवाट:
नको. तिला सारवासारव करू दे, ‘तुला लहानपणी सगळं जास्तच लागायचं’ असं काहीतरी म्हणू दे, आणि दुसऱ्या दिवशी रेवाने फोन करू नये.