मदत हवी आहे: इंग्लंडच्या कालव्यात फिरायला आईबाबांसाठी नॅरोबोट की वाइडबीम?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आईबाबांना घेऊन बर्मिंगहॅमला भावाकडे चाललोय, आणि तिकडे आठवडाभर बोट भाड्याने घेऊन कालव्यातून फिरायचं हे बाबांनी परस्पर ठरवूनच टाकलंय. बाबा ३४ वर्षं गोदीत फिटर होते, लाँचच्या इंजिनांवर हात बसलेला माणूस. केरळात अलेप्पीला केट्टुवळ्ळमवर (तिकडची हाउसबोट) राहिलो होतो पण तिथे चालवणारे त्यांचेच, बाबा नुसते खुर्चीत बसून, ते त्यांच्या मनात राहिलंय. इंग्लंडमध्ये कालव्यावरची हॉलिडे बोट चालवायला लायसन लागत नाही, निघायच्या आधी शिकवतात, हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नाही.

आता माझा गोंधळ. मांडव्याची लाँच आणि गोराईची फेरी यापलीकडे मला बोटीतलं काही कळत नाही, त्यामुळे वाचून जे समजलं ते लिहितो, चुकलं तर सांगा.

नॅरोबोट म्हणजे रुंदी जेमतेम ७ फूट आणि लांबी ७० फुटांपर्यंत. म्हणजे आमच्या परळच्या चाळीतल्या खोलीपेक्षाही अरुंद, पण ५-६ खोल्या एकापुढे एक जोडल्यासारखी लांब. कारण असं की अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने तिकडच्या मिडलंड्समधल्या (मध्य इंग्लंड) कालव्यांची लॉक्सच (दोन्ही टोकांना दारं असलेले हौद, त्यात पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेतात) ७ फुटी बांधली, मग बोटी त्या मापाच्या झाल्या. वाइडबीमही दिसायला तशीच, तळ सपाटच, पण रुंदी १० ते १२ फूट, त्यामुळे आत पलंगाच्या बाजूने नीट चालता येतं. आईचे गुडघे गेलेत, तिला अरुंद पॅसेजमधून आडवं होऊन सरकायला लावणं मला जिवावर येतं, म्हणून माझं मन वाइडबीमकडे.

पण बाबांना वेल्समधला, लँगोलन कालव्यावरचा पाँटकसिल्टे पूल बघायचाच आहे. १८०५ चा, टेल्फर्ड नावाच्या इंजिनिअरने बांधलेला, नदीपासून ३८ मीटर उंचावर लोखंडी पन्हाळीतून बोट जाते आणि एका बाजूला कठडाच नाही! तिथे वाइडबीम जातच नाही. वाइडबीम हवी तर दक्षिण इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हनसारखा रुंद लॉक्सचा कालवा धरावा लागेल. त्यात ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथ साधारण ९ मैल एकही लॉक नाही म्हणे, आईसाठी हे फार बरं. नाहीतर लॉक आलं की उतरा, हँडल फिरवून झडपा उघडा, दारांचे ते भलेमोठे लाकडी दांडे पाठीने ढकला, हे सगळं मी आणि भाऊच करणार.

तिसरा पर्याय फायबरची क्रूझर. हलकी, मोटारीसारखं स्टिअरिंग, थेम्ससारख्या नदीवर छान. पण बाबांना मागे उभं राहून सुकाणूचा दांडाच धरायचाय, कोळी नाखवा धरतो तसा. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते हे ते मला रोज समजावतात. तेव्हा क्रूझर बादच समजा.

आता विचारायचं ते हे. नॅरोबोट घेतली तर मागचा डेक (स्टर्न) कुठला? ट्रॅडिशनल स्टर्नवर एकालाच नीट उभं राहता येतं, क्रूझर स्टर्न मोकळा, तिथे आईला खुर्ची टाकून बाबांच्या शेजारी बसता येईल का, की दांडा फिरताना तिला लागेल? सेमी-ट्रॅड स्टर्नला बाजूंनी आडोसा असतो, मे महिन्यात तिकडे वारा कितपत असतो? आणि डेकवरून आत उतरायच्या पायऱ्या किती उभ्या असतात, धरायला दांडी असते का? साठी-सत्तरीच्या माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, फोटो असले तर अजूनच बरं. या रविवारी भाऊ बुकिंग करणार आहे, आई "तुमचं ठरेल ते" म्हणून गप्प आहे आणि मला तिच्या गुडघ्यांचीच काळजी जास्त आहे.