उंच वाढलेला पाईन निम्म्यावर छाटायचा का? जळगावच्या गच्चीवरून सुरू झालेली चर्चा

गच्चीवरची बाग, जळगाव
काल इथे एका भाऊंनी फोटो टाकला. कमरेएवढा पाईन, खाली नुसतं उघडं खोड आणि वर टोकाला सुयांचे चार झुपके. याचं बोन्साय सुरू कसं करू, असा प्रश्न होता. त्याखाली सगळ्यांनी उचलून धरलेलं उत्तर असं: "निम्म्यावर छाटून टाका. वड-पिंपळाला येतात तसे पावसाळ्यात खालून फुटवे येतील." हे वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितेय.

वडाचं खोड कुठेही कापा, सालीखालचे डोळे जागे होतात. काळ्या पाईनच्या जुन्या, उघड्या लाकडावर तसं होत नाही. नवा डोळा येतो तो जिथे हिरव्या सुया शिल्लक आहेत तिथेच, फार तर त्यांच्या लगत. सगळ्या सुयांच्या खाली कापलंत की हातात वाळका दांडका उरतो.

पहिलं वर्ष कात्री बाजूला ठेवा. झाडाला पूर्ण ऊन आणि खत द्या, पाण्याचा निचरा बघा, जोम येऊ द्या. मग डिसेंबर-जानेवारीत तार बांधा. फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची अॅल्युमिनियमची तार, ४५ अंशांच्या तिरप्या वेढ्यांनी. फांदी वाकेल तिथे तार बाहेरच्या अंगाला यायला हवी, नाहीतर साल फाटते. लांब फांदी आधी खाली ओढायची आणि नागमोडी वळवत खोडाकडे आणायची, म्हणजे टोकाच्या सुया आपोआप खोडाजवळ येतात. तार सालीत रुतण्याआधी कटरने तुकडे करून काढा. उलगडायला गेलात तर फांदी मोडेल.

आणि उंच उघडं खोड हा दोष आहे असं कोणी सांगितलं? जपानी लोक ज्याला बुंजिन म्हणतात, त्या शैलीला असंच झाड लागतं. बारीक वाकडं खोड आणि वर मोजक्याच फांद्या.

निवृत्त मास्तर, अमळनेर
ताई, इतकं ठाम लिहू नका. माझ्या अंगणात चीड जातीचा पाईन आहे, मुलाने डेहराडूनकडून रोप आणलं होतं. खोड मी कापलं आणि कापाच्या खाली, एकही सुई नव्हती अशा जागी, फुटवे आले. सगळ्या गल्लीने पाहिलेत. तुमच्या पुस्तकात काय आहे ते तुम्ही बघा, मी माझ्या अंगणातलं सांगतो.

गच्चीवरची बाग, जळगाव
सर, तुमचं झाड हिमालयातला चीड आहे. पाईनच्या जातींमध्ये तो अपवाद. वणव्यात होरपळला तरी खोडातून पुन्हा फुटतो. जपानचा काळा पाईन तसा नाही. कटर उचलण्याआधी एका जुडीत किती सुया आहेत ते मोजा. तीन असतील आणि वीतभर लांब, तर चीड समजा. दोन असतील आणि बोटभर लांब, कडक, तर काळा पाईन. फोटोतल्या सुया बोटभर आहेत. चीड फुटतो हे मान्य, पण तेवढ्यावरून सगळ्यांना कापायला सांगणं मान्य नाही.

निवृत्त मास्तर, अमळनेर
मग पहिल्याच वाक्यात 'काळा' असं लिहायचं होतं. एवढंच माझं म्हणणं.

धुळेकर
जात ओळखण्याची गोष्ट निघालीच आहे तर माझंही ऐका. आमच्या इथल्या एका नर्सरीत मला पाईन म्हणून सुरूचं रोप दिलं, तेही पाईनच्या भावात. सुरूची ती 'सुई' ओढून बघा, गाठीगाठीला सुटते, कारण ती सुई नसून बारीक डहाळी असते. परत न्यायला गेलो तर म्हणाला, इकडे यालाच पाईन म्हणतात. शेजाऱ्याला तर ख्रिसमस ट्री गळ्यात मारलं. सरळसोट खोड, मजल्यामजल्याने फांद्या, त्याचं बोन्साय काय होणार? रोप विकणाऱ्याने जात लिहून द्यायलाच हवी. कपाशीच्या पाकिटावर सगळं छापलेलं असतं, मग रोपाला का नको?

केळीवाला, रावेर
सुया मोजत बसला आहात, पाण्याचं कोणी बोलणार आहे का? यावल-रावेरात बोअर दरवर्षी खाली चाललेत. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा, जिथे पाणी मुरायचं, तिथेच उपसा सगळ्यात जास्त. वडिलांच्या काळातल्या आमच्या विहिरीत आता उन्हाळ्यात दगड दिसतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि त्यात तुम्ही थंड मुलखातलं झाड गच्चीवर ठेवून दिवसातून दोनदा पाणी घालणार. हा शौक आपल्या भागाला परवडणारा नाही.

गच्चीवरची बाग, जळगाव
काळा पाईन बर्फातला नाही, दादा. जपानच्या समुद्रकिनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्यात वाढणारं झाड आहे ते. ऊन सोसतो, तापलेली कुंडी सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी लावायची आणि कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत वाळूत बसवायची. पाणी लागतं तांब्या-दोन तांबे. तुमच्या केळीला भर उन्हाळ्यात एका खोडाला रोज वीसेक लिटर लागतं. पाण्याचा हिशोब माझ्याकडूनच का मागता?

केळीवाला, रावेर
केळीवर घर चालतं, ताई. मजूर, ट्रकवाले, पानवाले, सगळ्यांचं. तुमच्या कुंडीवर कोणाचं चालतं? शहरातला माणूस केळीचं पाणी मोजतो आणि डझनाचा भाव पडला की त्याच केळ्यांवर खूश होतो. वादळात बाग आडवी होते तेव्हा कोणी मोजायला येत नाही. आम्ही सगळं ठिबकवर नेलं, आता अजून काय करायचं?

धुळेकर
ठिबक आल्यावर पाणी वाचलं की लागवड वाढली, तेही सांगा ना.

केळीवाला, रावेर
लागवड वाढली, हे खरं. पण तापीचं पावसाळ्यातलं पाणी सातपुड्याच्या पायथ्याला मुरवायची मेगा रिचार्ज योजना किती वर्षं ऐकतोय आम्ही. ते झालं असतं तर आज तुमच्याशी भांडायची वेळ आली नसती.

आबा, पारोळा
भाऊ, कसाले इतलं तापतस? पान्यानं दुख सगळास्ले शे. झाडनं बोला.

सातपुडा, शहादा
झाडाचंच बोलतो. पाईन हवाच कशाला? आपल्याकडे अंजन आहे, उंबर आहे, चिंच आहे. चिंच कुठेही छाटा, फुटते. पान लहान, साल लवकर जुनाट दिसते, उन्हाला घाबरत नाही. फक्त एक सांगणं आहे, हात जोडून. काही शौकीन तोरणमाळकडे येऊन खडकात वाढलेली जुनी खुरटी झाडं उपटून नेतात. राखीव जंगलातून असं नेणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. आणि ती झाडं बहुतेक मरतातच, कारण मुळं खडकात राहतात. असं नेणाऱ्याशी मी बोलत नाही, नात्यातला असला तरी.

गच्चीवरची बाग, जळगाव
जंगलाबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूने. पण चिंच बरी म्हणून पाईन सोडा, हे पटत नाही. ज्याच्या घरी आज तो उभा आहे त्याला तो जगवायचा आहे, आणि प्रश्न त्याचा होता.

केळीवाला, रावेर
जगवायचाच असेल तर एक ऐका, हे मला अनुभवाने कळतं. बोअरचं पाणी जड आहे. ठिबकच्या नळ्यांत पांढरा थर बसतो, आम्हाला अॅसिड सोडून त्या धुवाव्या लागतात. तेच पाणी कुंडीत रोज घातलं की माती अल्कधर्मी होते, लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि नवी सुई पिवळी पडते. लोक समजतात पाणी कमी पडलं आणि अजून घालतात. पावसाचं पाणी टाकीत साठवा, तेच घाला. काळी माती तर अजिबात नको, भिजली की चिकट, वाळली की भेगा. चाळलेला मुरूम आणि विटांचा चुरा घ्या, बारीक भुकटी काढून टाका. शौक पटला म्हणून नाही सांगत, झाड आणलंच आहे म्हणून सांगतोय.

गच्चीवरची बाग, जळगाव
पाण्याचं तुमचं बरोबर आहे. माझ्या पहिल्या उत्तरात ते यायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, तर म्हणा. कुंडी बदलायची ती उन्हाळा चढण्याआधी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. मुळं धुवून उघडी करू नका. त्यांच्यावर पांढरी बुरशी दिसेल, ती पाईनची सोबतीण आहे, जुन्या मातीसकट निम्मी तरी राहू द्या. आणि त्याच वर्षी तार नको.

निवृत्त मास्तर, अमळनेर
आणि ते मेणबत्तीसारखे उभे कोंब? जपानात जूनमध्ये खुडतात म्हणे, म्हणजे दुसरी फूट आखूड सुयांची येते. ते तरी करू द्याल की नाही त्या भाऊंना?

गच्चीवरची बाग, जळगाव
या वर्षी नाही. अशक्त झाडाचे कोंब खुडले तर दुसरी फूट येतच नाही. आपल्याकडे हंगाम लांब, म्हणून पुढेही जूनमध्ये नको, पाऊस स्थिरावल्यावर जुलैत.

निवृत्त मास्तर, अमळनेर
जुलैत ढगाळ हवेत फूट कोवळी राहते. मी जूनवरच ठाम आहे.