'फेडरल'साठी 'केंद्रीय' की 'संघीय'?

('तळटीप', 'मुद्रितशोधक' आणि 'उपसर्ग' ही संवादातील तिघांची टोपणनावे.)

तळटीप: अमेरिकेतील शासनव्यवस्थेवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी 'फेडरल' शासनाला 'केंद्र सरकार' म्हटले होते, संपादकांनी ते खोडून 'संघीय सरकार' केले. वर्तमानपत्रे रोज 'केंद्र' छापत असताना वाचकाला परका वाटेल असा शब्द कशासाठी?

मुद्रितशोधक: संपादकांचेच बरोबर आहे. आपली राज्यघटनासुद्धा पहिल्याच अनुच्छेदात भारताला 'राज्यांचा संघ' म्हणते आणि सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी संघ सूची, राज्य सूची व समवर्ती सूची अशी करते. 'केंद्र' म्हटले की राज्ये आपोआप परिघावर जातात. आपल्याकडे अवशिष्ट अधिकार, म्हणजे कोणत्याही सूचीत न आलेल्या विषयांचे अधिकार, संसदेकडे असल्याने ते एक वेळ खपेल. परंतु अमेरिकेच्या १७९१ मधील दहाव्या घटनादुरुस्तीनुसार, जे अधिकार संघाला दिलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडेच राहतात.

उपसर्ग: शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की 'केंद्र' हा शब्द ग्रीकमधून ज्योतिषाच्या वाटेने संस्कृतात आला आणि त्याच्या मुळाशी 'टोचणारे टोक' असा अर्थ आहे. मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ न करणाऱ्या राज्यांचा महामार्गनिधी कापण्याचा कायदा अमेरिकेत १९८४ मध्ये झाला. विषय राज्यांचा आणि पैशाची टोचणी वरून, अशा शासनाला मला तरी 'केंद्र'च शोभून दिसते.

मुद्रितशोधक: ही व्युत्पत्ती रंजक आहे, मात्र अनुदान रोखता येणे आणि अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तळटीप: माझी खरी अडचण पुढेच आहे. 'स्थानिक स्वराज्य संस्था' हा आपला शब्द व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वशासनाविषयीच्या १८८२ च्या ठरावाच्या परंपरेतला. अमेरिकेच्या संघीय घटनेत स्थानिक शासनाचा उल्लेखच नाही. ती राज्यांची निर्मिती. मग त्यांना 'स्वराज्य' म्हणावे का?

उपसर्ग: अवश्य म्हणावे. आपल्याकडेही ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी या संस्थांना घटनेत स्थान दिले, तरी अकराव्या अनुसूचीतील २९ आणि बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांपैकी कोणते प्रत्यक्ष सोपवायचे हे राज्य विधिमंडळच ठरवते, आणि तरीही 'स्वराज्य' हा शब्द कोणी काढून घेतलेला नाही.

तळटीप: आणि 'स्कूल डिस्ट्रिक्ट'? 'शाळा जिल्हा' लिहिले तर वाचक तिथे जिल्हाधिकारी शोधेल.

मुद्रितशोधक: 'शिक्षण मंडळ' लिहावे.

उपसर्ग: मंडळ म्हणजे निवडून आलेले सदस्य, ज्या भूभागातील मालमत्तांवर शाळांसाठी कर बसतो, त्याला काय म्हणणार?

मुद्रितशोधक: 'शालेय परगणा'.

उपसर्ग: मग 'काउंटी'साठी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागासाठी, काय शिल्लक ठेवलेत?