प्रतिसाद: 'होर्ड्स डेअरीमन' त्यातलं नाही
'दुधाच्या धंद्यावरची मासिकं म्हणजे नुसत्या पशुखाद्याच्या जाहिराती, लिहिणाऱ्यांनी कधी शेण काढलेलं नसतं' हे वर कुणी म्हटलंय ते बरंचसं पटलं. पण अमेरिकेतल्या 'होर्ड्स डेअरीमन'ला त्यात ओढू नका. विस्कॉन्सिनमधल्या फोर्ट ॲटकिन्सनला विल्यम होर्ड यांनी ते १८८५ मध्ये काढलं. गडी पुढे राज्याचा गव्हर्नर झाला, तरी नाद गायींचाच!

१८९९ मध्ये त्यांनी गावाजवळ शेतच घेतलं, गर्न्सी गायी पाळल्या आणि अल्फाल्फा लावून दाखवला. अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास. आमच्या विहिरीकडेला दोन गुंठे आहे. विळा फिरवला की महिन्याभरात पुन्हा गुडघाभर. तिकडच्या थंडीत तो तग धरेल यावर मात्र शेजाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता, नुसत्या लेखांनी तर नाहीच.