ब्रिटिश शिल्पांचे लिलाव: एडिशन, पॅटिना आणि हातोड्यानंतरचं बिल

ओतीव_रसिक

लंडनच्या 'मॉडर्न ब्रिटिश' लिलावांचे कॅटलॉग वाचताना काही प्रश्न अडतात. जाणकारांनी मदत करावी.

समजा, ब्रिटिश शिल्पकार लिन चॅडविकचं 1970 च्या दशकातलं ब्राँझ आहे, आठची एडिशन (एकाच शिल्पाचे आठ क्रमांकित नग), अंदाज 30,000 ते 50,000 पौंड. त्याच एडिशनचा दुसरा नग आधी बऱ्याच कमी किमतीला गेलेला दिसतो. हा फरक कशामुळे पडतो? एडिशनमधला क्रमांक लहान असला तर नग जास्त मोलाचा मानायचा का? 'अमुक साली घडवलं, तमुक साली ओतलं' अशी दोन सालं दिली असतील तर कोणतं साल धरायचं? हातोडा 40,000 वर पडला तर शेवटी हातातून किती जातात?

शिवाय चॅडविक, फ्रिंक, हेपवर्थ एका लिलावात आणि गॉर्मली, कपूर दुसऱ्याच विभागात दिसतात. त्यांच्यासाठी तपासणी वेगळी करावी लागते का?

हिशेबनीस

आधी पैशांचं घेतो, कारण आकडे वाचण्यातच पहिली गल्लत होते.

कॅटलॉगमधला अंदाज हातोड्याच्या किमतीचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा असतो, प्रीमियम (लिलावघर खरेदीदाराकडून वर घेतं ते शुल्क) सोडून. लिलावानंतर वेबसाइटवर येणारा निकाल मात्र प्रीमियमसकट असतो. अंदाज 30,000–50,000 आणि निकाल 50,800 दिसला की वाटतं, वरची मर्यादा ओलांडली. 27 टक्के प्रीमियम काढायला निकालाला 1.27 नं भागून बघा: हातोडा 40,000 वर पडलाय, बरोबर मधोमध. दोन नगांची तुलना करण्याआधी दोन्ही निकालांतून त्या त्या वर्षीच्या दरानं प्रीमियम काढून टाका. हे दर अधूनमधून बदलतात आणि घरागणिक वेगळे असतात.

तुमचा 40,000 चा हिशेब, प्रीमियम 27 टक्के धरून:

हातोडा 40,000
प्रीमियम 10,800
प्रीमियमवर 20 टक्के व्हॅट 2,160
कलाकाराचा पुनर्विक्री हक्क, 4 टक्के, 1,600
एकूण 54,560 पौंड

पुनर्विक्री हक्क, म्हणजे काम पुन्हा विकलं गेलं की कलाकाराला मिळणारा वाटा, ब्रिटनमध्ये 2006 पासून आहे. दिवंगत कलाकारांच्या वारसांना तो 2012 पासून मिळतो, मृत्यूनंतर 70 वर्षं. चॅडविक 2003 मध्ये गेले, हेपवर्थ 1975 मध्ये, फ्रिंक 1993 मध्ये. म्हणजे तिघांनाही लागू. तो हातोड्याच्या किमतीवर मोजतात आणि टप्प्याटप्प्यानं: पहिल्या 50,000 पौंडांवर 4 टक्के, तिथून 2 लाखांपर्यंतच्या भागावर 3, साडेतीन लाखांपर्यंत 1, पाच लाखांपर्यंत अर्धा टक्का, त्यापुढे पाव टक्का. कमाल 12,500 पौंड, आणि ही मर्यादा गाठायला हातोडा 20 लाखांवर पडावा लागतो. कायद्यानं जबाबदारी विकणाऱ्याच्या बाजूची आहे, पण लिलावघरं सर्रास ती खरेदीदाराच्या बिलात टाकतात.

मग लॉटच्या (लिलावातल्या एकेका वस्तूच्या) क्रमांकाशेजारची चिन्हं. विक्रीसाठी बाहेरून तात्पुरती आणलेली वस्तू असेल तर हातोड्यावर 5 टक्के आयात व्हॅट, इथे आणखी 2,000 पौंड. काही लॉटना पूर्ण हातोड्यावरच 20 टक्के व्हॅट असतो, म्हणजे 8,000. चिन्हं प्रत्येक घराची वेगळी, त्यांचा अर्थ मागच्या पानांवर बारीक टाइपात असतो. तो वाचल्याशिवाय बोलीची कमाल मर्यादा ठरवू नका.

साचेकार

एडिशनबद्दल. 1/8 हा 8/8 पेक्षा सरस, हा समज एचिंगसारख्या छापकामातून आलाय. तिथे प्लेट झिजते. ब्राँझमध्ये रबरी साच्यातून दर वेळी नवी मेणप्रत काढतात आणि तिच्यावरून नग ओततात. चांगल्या साच्यातून वीसेक मेणप्रती तरी नीट निघतात, आठांत काही बिघडत नाही. शिवाय क्रमांक आणि ओतण्याचा क्रम जुळेलच असं नाही; पुष्कळदा गिऱ्हाईक मिळेल तसे नग ओतले जातात आणि एडिशन पुरी व्हायला कित्येक वर्षं लागतात. हेन्री मूरच्या कामांवर 0/9 असा क्रमांक दिसला तर तो कलाकारासाठी राखलेला नग.

क्रमांकापेक्षा तीन गोष्टी बघा: कोणी ओतलं, कधी ओतलं, कशावरून ओतलं.

'कोणी' ते फाउंड्रीच्या (ओतशाळेच्या) शिक्क्यावरून कळतं. हेपवर्थच्या मोठ्या ब्राँझवर मॉरिस सिंगर फाउंड्रीचं नाव सापडतं, मूरच्या पुष्कळ कामांवर बर्लिनच्या नोआकचं. चॅडविकनं 1971 मध्ये लिपिएट पार्कला, राहत्या घरीच, स्वतःची फाउंड्री टाकली. पुढची बरीच कामं ग्लॉस्टरशरच्याच पँगोलिन एडिशन्समध्ये ओतली गेली. म्हणून तुमच्या लॉटवर सही किंवा शिक्का, कामाचा क्रमांक आणि एडिशन क्रमांक हे तिन्ही हवेत आणि त्यांचे स्वतंत्र फोटो मागवा. 'सही आहे' एवढ्या नोंदीवर थांबू नका.

'कधी' हा तुमचा दोन सालांचा प्रश्न. घडवल्याचं साल कलेच्या इतिहासासाठी, ओतल्याचं साल किमतीसाठी. कलाकार हयात असताना ओतलेला नग आणि वारसांनी एडिशन पुरी करण्यासाठी ओतलेला नग, दोन्ही अस्सलच. पण पहिल्याच्या पृष्ठभागावर कलाकाराची नजर फिरलेली असते आणि बाजार त्याचे पैसे मोजतो. कॅटलॉगमध्ये ओतल्याचं साल नसेल तर विभागाला लेखी विचारा.

'कशावरून' हे सगळ्यात कमी लोक तपासतात. मूळ प्लास्टरऐवजी तयार ब्राँझवरूनच साचा घेतला तर नवा नग आकसतो, कारण ब्राँझ थंड होताना दीड ते दोन टक्के लहान होतं. 60 सेंटिमीटरच्या शिल्पात सुमारे एक सेंटिमीटरचा फरक. फक्त एकूण उंची ताडू नका, कोणी बैठकीसकट मोजतं, कोणी बैठक सोडून. अंगावरचे दोन ठळक बिंदू धरून अंतर मागवा, उदाहरणार्थ खांद्याच्या टोकापासून गुडघ्यापर्यंत, आणि ते माहितीतल्या दुसऱ्या नगाशी पडताळा. आकसलेल्या नगावर बारीक ओरखडे आणि हत्यारांच्या खुणाही बोथट झालेल्या असतात.

संदर्भ क्रमांकही बघा, म्हणजे कलाकाराच्या सगळ्या कामांच्या सूचीतला क्रमांक: मूरला एलएच, हेपवर्थला बीएच, फ्रिंकला एफसीआर. क्रमांक दिलाच नसेल तर कारण विचारा.

आता एकाच एडिशनच्या दोन किमती. मूरचं 1951 चं 'रिक्लायनिंग फिगर: फेस्टिव्हल' ख्रिस्तीजच्या लंडन विक्रीत 2012 मध्ये सुमारे 1 कोटी 91 लाख पौंडांना गेलं, 2016 मध्ये त्याच एडिशनच्या नगाला 2 कोटी 47 लाख मिळाले. शिल्प तेच, साडेचार वर्षांत साठ लाखांच्या आसपास फरक. कमी किमतीच्या कामांत कारणं साधी असतात. एकाच हंगामात दोन नग आले की दुसरा पडतो. आधी विकला न गेलेला लॉट वर्षभरात परत आला तर बोली थंड राहते. आणि पॅटिना (ब्राँझवर चढवलेला किंवा काळानं आलेला रंगाचा थर) बदललेला नग तर हमखास मार खातो.

हिरवट_थर

साचेकारांशी शेवटच्या वाक्यावर सहमत नाही. पॅटिना बदलली म्हणजे नग बाद, असं सरसकट नसतं. वीस-तीस वर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या ब्राँझला पुन्हा मेण लावणं ही नेहमीची निगा आहे. कलाकाराच्याच फाउंड्रीनं पुन्हा पॅटिना चढवली असेल आणि त्याचा कागद असेल तर किंमत फारशी हलत नाही. खरा तोटा होतो तो कोणीतरी हौसेनं पितळेची पॉलिश चोळून चकचकीत केलेल्या नगाचा. चॅडविकच्या काही आकृत्यांचे चेहरे मुळातच घासून उजळलेले असतात, तेव्हा उजळ भाग दिसला की लगेच दोष समजू नये. त्याच एडिशनच्या जुन्या फोटोशी ताडून बघावं.

कंडिशन रिपोर्ट फुकट मिळतो, पण 'एकंदर स्थिती चांगली' या वाक्यातून काहीच कळत नाही. नेमकं विचारा: खाचांमधला आणि उघड्या भागावरचा रंग एकच आहे का? अतिनील दिव्याखाली लाखेचा किंवा मेणाचा थर तुटक दिसतो का? जोडांवर पुन्हा वेल्डिंग केलंय का? बैठकीच्या आतून फोटो मिळेल का?

हा शेवटचा फोटो फार बोलका असतो. शिल्प पोकळ राहावं म्हणून ओतताना आत भरलेली गाभ्याची माती नीट काढलेली नसेल तर ती ओल धरते. गाभा जागेवर धरणाऱ्या लोखंडी खिळ्या तशाच राहिल्या असतील तर गंजतात आणि बाहेर तपकिरी ओघळ येतात. हे दुरुस्त होतं: खिळी काढायची, ब्राँझचं बूच बसवायचं, तेवढ्या भागाची पॅटिना जुळवायची.

घाबरायचं ते फिकट हिरव्या, पिठासारख्या ठिपक्यांना. पुसले तरी काही आठवड्यांत परत येत असतील तर तो ब्राँझचा रोग आहे. धातूतलं क्लोराइड आणि हवेतली ओल यांची प्रक्रिया आतून चालूच राहते. आर्द्रता 40 टक्क्यांखाली ठेवली तर ती मंदावते. उपचार म्हणून जतनतज्ज्ञ इथेनॉलमधलं 3 टक्के बेंझोट्रायाझोल वापरतात, पण ते विषारी आहे, घरी करायचं काम नाही. घट्ट बसलेला, एकसारखा हिरवा थर म्हणजे रोग नव्हे. लिलावाआधी वस्तू प्रत्यक्ष बघायला मिळते, तेव्हा छोटा टॉर्च घेऊन जा आणि तिरपा उजेड टाकून बघा.

आणखी एक. चॅडविकचं 1950 च्या दशकातलं लोखंडी सांगाडा आणि स्टोलिटचं काम समोर आलं तर हे सगळं विसरा. स्टोलिट म्हणजे जिप्सम आणि लोखंडाचा कीस यांचं मिश्रण. ते काम एकमेव असतं, ब्राँझपेक्षा दुर्मीळ आणि कितीतरी नाजूक. आतलं लोखंड ओलाव्यानं गंजून फुगतं आणि भरण तडकतं. असं शिल्प उघड्यावर कधीच ठेवायचं नाही.

कागद_आधी

दुसऱ्या विभागातल्या कामांबद्दल थोडक्यात. तिथे शिक्क्यापेक्षा कागद मोठा.

रिचर्ड लाँगचं दगडांचं वर्तुळ प्रमाणपत्र आणि मांडणीच्या आराखड्यासह विकलं जातं. प्रमाणपत्र हरवलं तर उरतो दगडांचा ढीग. टोनी क्रॅगची प्लास्टिकच्या तुकड्यांची सुरुवातीची कामंही आराखड्याशिवाय मांडता येत नाहीत. तुकडे मोजून घ्यावेत.

गॉर्मलीची जुनी शरीरं फायबरग्लासवर शिसं मढवून केलेली आहेत. शिशाला ओक लाकडातून आणि एमडीएफमधून सुटणारी आम्लाची वाफ चालत नाही, पांढरी भुकटी धरते. ती विषारी, तेव्हा हातमोजे घाला आणि ओकच्या पेटीत ठेवू नका. त्याच्या ओतीव लोखंडाच्या कामांवरचा गंज मात्र बहुतेकदा कामाचाच भाग असतो, तो 'साफ' करणं म्हणजे नुकसान.

कपूरच्या आरशासारख्या अंतर्वक्र तबकड्यांवर केसाएवढा ओरखडाही जागेवर लपवता येत नाही, कारण प्रतिबिंबच तिथे मोडतं. अँथनी कॅरोच्या रंगवलेल्या पोलादात रंग मूळचा की नंतरचा, आणि नंतरचा असेल तर कलाकाराच्या स्टुडिओच्या संमतीनं का, हे विचारा. रेचल व्हाइटरीडचं रबर किंवा रेझिन असेल तर पिवळेपणा आणि चिकटपणा बघा, वयानुसार तो वाढतच जातो.

निर्यातीचंही लक्षात असू द्या. 50 वर्षांहून जुनं आणि ठराविक किमतीवरचं काम ब्रिटनबाहेर न्यायला परवाना लागतो, आणि तो अडवला जाऊ शकतो. हेपवर्थचं 1943 चं रंगीत, तारा ताणलेलं अंडाकृती शिल्प मार्च 2024 मध्ये ख्रिस्तीजमध्ये 35 लाख पौंडांना विकलं गेलं. मग निर्यात रोखली गेली आणि 2025 मध्ये आर्ट फंड आणि हेपवर्थ वेकफील्ड संग्रहालयानं 38 लाख पौंड उभारून ते देशातच ठेवलं. 1970 च्या दशकातली कामं आता एकेक करून पन्नाशी गाठताहेत.

ओतीव_रसिक

सर्वांचे आभार, प्रीमियमचा हिशेब डोळे उघडणारा आहे. एकच उपप्रश्न: ब्रिटनमध्येच बागेत उभं करायचं असेल तर वजन आणि पाया आधी कसा ठरवावा? कॅटलॉगमध्ये वजन बहुधा नसतं.

साचेकार

पोकळ ब्राँझची जाडी साधारण 6 मिलिमीटर धरा. दर चौरस मीटर पृष्ठभागाला सुमारे 53 किलो पडतात. माणसाएवढ्या आकृतीचा पृष्ठभाग दोन चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे शंभरेक किलो, वर आतला स्टीलचा आधार. भरीव लोखंडाचं गणित वेगळं: क्रॉस्बीच्या किनाऱ्यावरच्या गॉर्मलीच्या शंभर आकृत्या प्रत्येकी 650 किलोच्या आहेत. तेव्हा आधी 'पोकळ की भरीव' हेच विचारा.

पाया काँक्रीटचा, पाणी निथळेल असा, आणि शिल्पाच्या तळाची भोकं बुजणार नाहीत याची काळजी घ्या. बुजली तर आत पाणी साठतं आणि थंडीत गोठून शिवण उकलतं. बोल्ट स्टेनलेसचे, ब्राँझ आणि बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचं वॉशर. चॅडविकच्या निमुळत्या पायांच्या आकृत्या हातापायाला पट्टा बांधून कधी उचलू नका, सगळा ताण घोट्यात येतो आणि तिथेच चीर जाते. पट्टा धडाखालून घ्यायचा.

वर्षातून एकदा, कोरड्या उबदार दिवशी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशनं धुवा, पूर्ण वाळू द्या, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. समुद्र जवळ असेल तर दोनदा.

हिशेबनीस

बागेत ठेवणार असाल तर विमा कंपनीला पाया करण्याआधी कळवा. डिसेंबर 2005 मध्ये पेरी ग्रीनला हेन्री मूर फाउंडेशनच्या आवारातून दोन टनांहून जड, 30 लाख पौंडांचं शिल्प ट्रकवर चढवून नेलं. पोलिसांच्या अंदाजानं भंगारात त्याचे जेमतेम 1,500 पौंड आले असावेत. 2011 च्या डिसेंबरमध्ये डलिचच्या उद्यानातून हेपवर्थचं ब्राँझ गेलं. तेव्हापासून उघड्यावरच्या ब्राँझसाठी विमावाले गाडी सहज पोचणार नाही अशी जागा, जमिनीत पुरलेले बोल्ट आणि आत बसवलेला ट्रॅकर यांची चौकशी करतात. ट्रॅकर बसवायचा असेल तर पाया भरण्याआधी, कारण नंतर तळाशी हात पोचत नाही.