शटरिंग प्लायच्या कडांविषयी
शटरिंगसाठी, म्हणजे काँक्रीटच्या साच्यासाठी, फिल्म (रेझिनचा पातळ, गुळगुळीत थर) लावलेली प्लाय घेतली की पाण्याची चिंता नको, असे म्हटले जाते; ते मला अर्धेच पटते. फिल्म केवळ पृष्ठभाग सांभाळते. पाणी शिरते ते कापलेल्या कडांतून आणि खिळ्यांच्या भोकांतून, आणि तेथूनच थर फुगून सुटू लागतात. म्हणून साइटवर कापलेली प्रत्येक कड वापरापूर्वी वॉटरप्रूफ रंगाने बंद करावी. खरेदी करताना आयएस ४९९० चा (शटरिंग प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का पाहावा, कारण त्या प्लायचे थर फिनॉल फॉर्मल्डिहाइड रेझिनने, म्हणजे पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने, जोडलेले असतात. आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराच्या प्लायचे मानक) मधील एमआर, म्हणजे केवळ ओलावारोधक, प्रत स्वस्त असली तरी ओल्या काँक्रीटसाठी नाही. साचा उघडल्यावर चिकटलेले सिमेंट लाकडी पट्टीने खरवडावे (पहारीने ओरबाडणाऱ्यांना हे कोण सांगणार!), आणि प्लाय भिंतीला न टेकवता, जमिनीपासून उंच, आडवी रचून, हवा खेळेल अशा बेताने झाकावी.