शब्दचर्चा : ‘हँग’, ‘मेमरी फुल’, ‘फॉरमॅट मारणे’ आणि ‘लोड’

प्रश्न

घरचा पीसी असो की ऑफिसचा सर्व्हर, मदत मागताना आपले चार-पाच शब्द ठरलेले असतात : हँग झाला, मेमरी फुल झाली, फॉरमॅट मारावा लागेल, लोड आलाय. ऐकणारा आपापल्या परीने अर्थ लावतो आणि सल्ला भलतीकडेच जातो. या शब्दांचे नेमके अर्थ काय धरायचे? आणि मराठीत याहून नेमकं काही बोलता येईल का?

प्रतिसाद

‘हँग’ या एका शब्दात आपण निदान चार वेगळ्या तक्रारी कोंबतो. त्या चारींना रोजच्या बोलण्यातली मराठी क्रियापदं आहेत. सगळं सावकाश होतंय पण होतंय, तर मशीन *रेंगाळतंय*. मधेच थांबून पुन्हा चालू होतंय, तर *अडकत-अडकत* चालतंय. पडदा जसाच्या तसा, माउसचा बाणही हलत नाही, तर *गोठलंय*. आपणहून बंद पडलं किंवा रीस्टार्ट झालं, तर *मान टाकली*.

हा भाषेचा हट्ट नाही, निदान यावर ठरतं. रेंगाळणाऱ्या मशीनमध्ये आधी रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) अपुरी आहे का, जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का हे बघायचं. गोठणाऱ्यात ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र हाताळणारं सॉफ्टवेअर) आणि खराब रॅम यांवर संशय. मान टाकणाऱ्यात ताप आणि पॉवर सप्लाय. गेम चालू केल्यावर थोड्याच वेळात मान टाकतं असं कुणी लिहिलं, की पंखा, हीटसिंकवरची धूळ आणि पॉवर सप्लाय हे पहिल्याच उत्तरात येतं. ‘हँग होतो’ एवढंच लिहिलं तर विंडोज पुन्हा टाका असा सल्ला मिळतो, आणि तो बहुतेक वेळा वाया जातो.

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ हा वेगळाच प्रकार. एखाद्या प्रोग्रामच्या खिडकीने ५ सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज तो शिक्का मारतं. तिथे अडकलेला असतो तो प्रोग्राम. अशा वेळी त्याचं नाव सांगावं, ‘कॉम्प्युटर हँग’ म्हणू नये.

उपप्रतिसाद

गोठलेल्या मशीनवर कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा पेटत-विझत असेल तर आत अजून धुगधुगी आहे. ही ढोबळ खूण आहे, पण प्रश्नात लिहिली तर उपयोग होतो.

प्रतिसाद

‘मेमरी’चा घोळ फोनमुळे वाढला असं माझं मत. मेमरी कार्ड, इंटर्नल मेमरी, त्यामुळे फोटो साठतात ती मेमरी असं डोक्यात बसलं. सर्व्हर सांभाळणारा माणूस मात्र मेमरी म्हणजे रॅमच समजतो, म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी. त्यामुळे ‘मेमरी फुल’ ऐकून एक जण फोटो उडवायला सांगतो आणि दुसरा रॅम वाढवायला. मी सुचवेन की ‘मेमरी’ हा शब्द तक्रारीतून काढूनच टाकावा. ‘रॅम’ म्हणा किंवा ‘डिस्कवरची जागा’ म्हणा. ‘स्मृती’ आणल्याने हा गोंधळ सुटत नाही, तोच घोळ संस्कृतात जातो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर तर ‘रिकामी’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत. ‘फ्री’ ही आज्ञा दिली की त्याच नावाच्या रकान्यात अगदी लहान आकडा दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. पण कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मोकळी रॅम नुसती पडू देत नाही, वाचलेल्या फायली तिथे धरून ठेवतं आणि कुणी मागितली की बहुतेक जागा सोडून देतं. म्हणून बघायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. त्यामागचा अंदाज कर्नेल स्वतः द्यायला लागलं ते २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून. मी पहिल्याला ‘रिकामी’ आणि दुसऱ्याला ‘देता येण्याजोगी’ म्हणतो. हा फरक कळला की रॅमची अर्धी खरेदी टळते.

‘डिस्क फुल’सुद्धा दिसतं तितकं सरळ नाही. जागा शिल्लक असूनही नवी फाईल तयार होत नाही, असं होतं. ईएक्सटी-४ या लिनक्सच्या फाईलसिस्टीममध्ये (डिस्कवर फायली मांडण्याची व्यवस्था) फायलींच्या नोंदींची, म्हणजे आयनोडची, संख्या फाईलसिस्टीम बनवतानाच ठरते. लाखो बारक्या फायलींनी त्या नोंदी संपवल्या की जागा असून उपयोग नाही. याला मी ‘नोंदी संपल्या’ म्हणतो, ‘जागा संपली’ नाही.

प्रतिसाद

‘फॉरमॅट मारणे’ हा यातला सगळ्यात धोक्याचा शब्द. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा विंडोज नव्याने टाकायचं असतं. ऐकणारा शब्दशः घेतो आणि अख्खी डिस्क पुसतो. कुणी ‘फॉरमॅट मार’ म्हणालं तर आधी विचारा, कुठलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कुठला भाग? बॅकअप कुठे आहे? मुलांचे फोटो, हिशेबाच्या फायली एकदा गेल्या की नंतर शब्दाचा अर्थ समजावून काय करणार. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कवर शून्यं लिहीत जातो, त्यानंतर फायली परत मिळण्याची आशा धरू नये.

प्रतिसाद

‘बंद करून चालू केला’ आणि ‘रीस्टार्ट केला’ हेही एक नाहीत बरं का. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शटडाऊनच्या वेळी कर्नेलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. खरा कोरा आरंभ रीस्टार्टनेच होतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री मशीन बंद करणाऱ्यांनाही तिथे कित्येक दिवस दिसतात.

प्रतिसाद

आता ‘लोड’. मराठीत आपण त्याला भार म्हणतो आणि भार म्हटलं की सीपीयू दमला असं वाटतं. लिनक्सच्या लोड ॲव्हरेजचे तीन आकडे १, ५ आणि १५ मिनिटांचे असतात, पण ते टक्के नव्हेत. सीपीयूवर चालू असलेल्या, त्याची वाट बघणाऱ्या, आणि बहुधा डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेल्या, अशा सगळ्या प्रक्रिया, म्हणजे चालू प्रोग्राम, त्यात मोजल्या जातात. हा शेवटचा वर्ग १९९३ मध्ये मोजणीत आला. म्हणून ‘रांग’ हा शब्द मला ‘भारा’पेक्षा जवळचा वाटतो. रांग कशासाठी लागली आहे, ते वेगळं शोधावं लागतं.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. माझी तक्रार ‘सर्व्हरवर लोड आलाय, मेमरी फुल आहे, हँग होतो’ अशी होती. आता नव्याने लिहितो : चार कोअरचा, म्हणजे एका वेळी चार कामं हाकणारा, सर्व्हर रोज रात्री रेंगाळतो, गोठत नाही. तेव्हा रांग १२ च्या पुढे जाते, पण सीपीयू बराचसा रिकामा असतो. देता येण्याजोगी रॅम भरपूर आहे. डिस्कवर जागाही आहे आणि नोंदीही. त्याच सुमारास बॅकअप चालू होतो.

उपप्रतिसाद

मग रांग डिस्कपाशी लागली असणार. ‘टॉप’ या आज्ञेत डब्ल्यूए हा आकडा (डिस्कची वाट बघण्यात सीपीयूचा गेलेला वेळ) बघा आणि डी अवस्थेत, म्हणजे बहुधा डिस्कसाठी खोळंबलेल्या, कोणकोणत्या प्रक्रिया आहेत ते लिहून घ्या. डेटाबेस आणि बॅकअपची फाईल एकाच डिस्कवर आहेत का? असतील तर आधी बॅकअप दुसऱ्या डिस्कवर न्या. रॅम विकत घेऊ नका.